काचेवरचा कपाळाचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझा एक कोपरा फुटलेला आहे आणि मला साबणाचा वास येतो. जन्म कारखान्यातला असला, तरी माझं बालपण खोक्यात गेलं. हाँगकाँगला परक्यांची घरं सांभाळणाऱ्या लिगायाने मला साबणाच्या वड्या आणि मांसाचे डबे यांच्या मधोमध कोंबून बोटीने आपल्या गावी, इलोइलोला पाठवलं. वाटेत कोणी माझ्याशी बोललं नाही. डबे फार गर्विष्ठ होते.

इथे लिगायाची लेक मायुमी होती, आठ वर्षांची. तिचे ताताय, म्हणजे वडील, रोदेल. ते दिवसभर तीनचाकी चालवत. दुपारी घरात आम्ही दोघंच.

दर रविवारी नानाय, म्हणजे आई लिगाया, माझ्या काचेत यायची. बोलणं संपलं की ती आपला हात पुढे धरायची आणि मायुमी माझ्यावर कपाळ टेकवायची. थोरामोठ्यांचा हात कपाळाला लावणं म्हणजे मानो; तो केल्याशिवाय आमच्याकडे निरोप पुरा होत नाही. काचेवर तेलकट ठसा राहायचा. मला वाटायचं, हे माझंच कौतुक.

एका दुपारी मायुमी माझ्यावर खेळत होती, त्या खेळात कोणीतरी आलं. "मी तुझा तितो बोयेत." तितो म्हणजे काका. आमच्याकडे काकांना तोटा नाही. पाववाला तितो, न्हावी तितो, ताताय ज्याच्याशी भांडतात तोही तितोच. मायुमीला शंका कशी यावी? तो रोज बोलायचा. मग एका रविवारी म्हणाला, "गणवेशातला फोटो पाठव. आईला सांगू नकोस हं, आपली गंमत."

फोटो मीच काढला. मला ओरडायचं होतं, पण मला एवढंच म्हणता येतं, "बॅटरी कमी आहे." तेवढं म्हणालो. तिने मला चार्जिंगला लावलं.

पण पोर संस्कारी. "तितो, आधी मानो द्या. कॅमेरा लावा."

"कॅमेरा बिघडलाय."

"मग हाताचा फोटो पाठवा."

"आधी तुझा पाठव! लवकर!"

मायुमी रुसली. संध्याकाळी नानाय आली, तर पहिली तक्रार हीच. "नानाय, तितो बोयेत मला मानो देत नाहीत!"

"कोण गं बोयेत?"

भाताचं ताट घेऊन ताताय डोकावले. "आपल्यात बोयेत एकच. माझ्या चुलतबहिणीचा कोंबडा."

सगळे हसले. मग मायुमीने फोटोचं सांगितलं आणि कोणीच हसलं नाही.

"पाठवलास का, बाळा?"

"नाही. मानो दिल्याशिवाय कसा पाठवणार? नानाय, रागावलीस?"

"नाही गं. सांगितलंस ना, फार बरं केलंस."

"दुपारी कोणीच नसतं. ते बोलायचे म्हणून..."

नानायने तोंड वळवलं. मला वाटलं माझंच चित्र अडकलं.

तातायनी ते बोलणं न पुसता पोलिसांना दाखवलं आणि त्या माणसाला खेळातून कायमचं बाहेर काढलं. मला स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर आणून ठेवलं. रोज दुपारी घरी जेवायला येऊन ते मायुमीबरोबर खेळू लागले. खेळातल्या पहिल्याच विहिरीत पडून मरायचे. "ताताय, उडी मारा ना!" "अगं, मारली की! विहीरच मध्ये आली!"

यंदा नानाय कायमची परतली. मायुमी आता खऱ्या हातावर कपाळ टेकवते. माझी काच स्वच्छ असते. कोणी पुसतही नाही, गरजच नाही.

मित्रांनो, कोणी "आईला सांगू नकोस" म्हणालं, तर आधी आईलाच सांगा, नाहीतर वडिलांना. आणि आईबाबांनो, लेकरांना आमच्याजवळ एकटं सोडून जाऊ नका. शेजारी बसा, विहिरीत पडा. आम्हाला सगळं दिसतं, पण सांगता येतं ते एवढंच:

बॅटरी कमी आहे.