चौथा स्क्रू

विमान जेवणाच्या टेबलावर उताणं पडलं होतं आणि आतल्या खोलीत नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिला दोघांनाही उठवायचं होतं, आणि दोघंही हट्टाला पेटली होती.

त्याला अर्धांगाचा झटका येऊन पाच महिने झाले होते. जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात या माणसाची चाळीस वर्षं गेली. पंख्याची असो, पंपाची असो, त्याच्याकडून कुठलीही मोटार मुकी परत गेली नव्हती. त्याचाच उजवा हात बधिर झाला. तरी तो नेटानं व्यायाम करत होता, कारण हे रिमोटवर चालणारं विमान त्याला पुन्हा उडवायचं होतं. गेल्या रविवारी हौसेनं मैदानावर नेलं, तर मोटारीनं नुसते आचके दिले. विमान जागचं हललं नाही. घरी आल्यावर तो "संपलं" एवढंच म्हणाला. तेव्हापासून व्यायाम बंद आणि जेवण दोन घासांवर आलं होतं. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, की हात सुधारायचा असेल तर याच महिन्यांत सुधारेल. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तिची उमेदीची सगळी वर्षं शिलाईच्या कारखान्यात गेली होती. यंत्राला ती भीत नव्हती, पण हे यंत्र तिच्या ओळखीचं नव्हतं. पहिल्यांदा तिनं पुढचा पंखा काढून ठेवला, नाहीतर बोटं जायची. मग बॅटरी बदलून पाहिली. मोटार थरथरली, कण्हली आणि गप्प झाली.

"अहो, बॅटरीचा दोष नाही," तिनं मोठ्यानं सांगितलं.



मोटारीकडे जाणाऱ्या तीन तारा तिनं एकेक ओढून पाहिल्या, जोड घासून पुसून पुन्हा बसवले. पुन्हा तेच आचके. मोटारीला वीज पुरवणारा कंट्रोलर कपाटात दुसरा होता, तोही लावून झाला. आचके तेच राहिले. दुपार कलली होती, ताटातला भात वाळला होता, आणि ती एका मुठीएवढ्या डब्यापुढे रडकुंडीला आली होती. देवानं माणसाला आजार द्यावा, ठीक आहे, पण त्याच्या खेळण्याला कशाला द्यावा?

रागारागानं तिनं तिन्ही तारा काढून टाकल्या आणि मोटार बोटांनी फिरवली. ती जड फिरली. वीज नाही, काही नाही, तरी आतून कुणी धरून ठेवल्यासारखी. शिलाईच्या मशीनचं चाक असं जड झालं की तेल ओतण्याआधी आत काय अडकलंय ते बघायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं मोटार विमानाला धरून ठेवणारे मागचे चार स्क्रू काढले आणि टेबलावर ओळीनं उभे केले.

तीन सारखे होते. चौथा त्यांच्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा जास्त लांब होता.

तिनं मोटार उजेडात धरली. त्याच भोकासमोर तांब्याच्या वेटोळ्यांवर लखलखीत ओरखडा होता. स्क्रूचं टोक थेट तारेत घुसलं होतं. मोटार कुणी बसवली होती ते तिला माहीत होतं. मैदानावर जायच्या आदल्या दिवशी ती सैल झाली म्हणून त्यानंच बसवली होती, कुणाला हात लावू न देता, मुद्दाम उजव्या हातानं. आणि स्क्रूच्या लांबीबाबत तो कोण कडक! आपल्या दुरुस्तीच्या दुकानात लांब-आखूड स्क्रू मिसळणाऱ्या कारागिराला तो दिवसभरासाठी घरी पाठवून द्यायचा.

सांगितलं तर उरलासुरला माणूस जाईल. न सांगावं तर पुढं काय करायचं ते कोण सांगणार? ती मोटार आणि स्क्रू घेऊन खाटेशी जाऊन बसली.

"अहो, चूक सापडली. माझीच आहे. मी रविवारच्या आधी विमान पुसताना एक स्क्रू बदलला होता, तो लांबीला जास्त निघाला."

तो वळला. डाव्या हातानं त्यानं स्क्रू घेतला, मोटार घेतली, ओरखडा पाहिला.

"पुसताना कुणी स्क्रू बदलतं का गं?" त्याची जीभ अजून जड होती. "खोटं तरी धड बोल."

तिनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"टोक लागलं की पिळताना कळतं. जरासं अडतं. नवख्या पोरालाही कळतं," तो म्हणाला. "मला काहीच कळलं नाही. मी पिळतच गेलो." त्याचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "मिसळणाऱ्याला मी घरी पाठवायचो."

"घरीच तर आहात," ती बोलून गेली, आणि लगेच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो हसला की हुंदका आला, ते तिला कळलं नाही. पण बराच वेळ त्याचा खांदा हलत होता.

"जाईल का ही दुरुस्त?" तिनं विचारलं.

"सगळी तार कापून काढायची. नवी भरायची. केसासारखी बारीक असते. दोन हात लागतात."

"माझे आहेत की दोन."

"तुझे दोन भरण्यात जातील. धरायला तिसरा लागतो." त्यानं मोटार तिच्या हातात ठेवली. मग म्हणाला, "बसव मला."

तिनं पाठीला उशा दिल्या, मांडीवर टॉवेल अंथरला. त्याच्या सांगण्याप्रमाणे मोटारीचा आतला गाभा सोडवला, जुनी तार कापून काढली, खालच्या खणातलं नव्या तारेचं रीळ आणलं. त्यानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, बोटं एकेक करून उघडली आणि तो गाभा त्यांच्यात ठेवला.

"भर," तो म्हणाला.

तिनं पहिला वेढा घातला. दुसरा घालताना बोटं सुटली आणि गाभा टॉवेलवर पडला.

"डाव्या हातात धरा ना," ती काकुळतीनं म्हणाली.

"नाही. यातच ठेव."

तिनं ठेवला. पुन्हा पडला. तिनं डोळे पुसले, सुटलेली तार ताणून घेतली आणि तो परत त्या बोटांत ठेवला. अकरा वेळा पडला. बाराव्या वेळी तिचे तीन वेढे पूर्ण झाले आणि मग पडला.

"उचल," तो म्हणाला.