पाय धुण्याचा ओटा

बेटावरच्या त्या अतिथिगृहात मुसलमान कुटुंबांना निःशंक मनाने उतरता यावे, अशी सिद्धता विधवा मालकिणीने मोठ्या निष्ठेने केली होती. स्वयंपाकघरात नवी भांडी आली, हलाल मांसासाठी पलीकडच्या किनाऱ्यावरचा खाटीक ठरला, मद्याचे कपाट रिकामे झाले, प्रत्येक खोलीच्या छतावर किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची, दिशा दाखवणारा बाण उमटला. समुद्राकडची खोली नमाजासाठी ठेवली. तिच्या दाराबाहेर वजूसाठी, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्यासाठी, गवंड्याने ठेंगणा नळ आणि दगडी ओटा बांधला.

ती खोली मालकिणीच्या पतीची. तो होडी घेऊन गेला, तो परतलाच नाही. वाळूचे पाय धुतल्यावाचून त्याने कधी उंबरठा ओलांडला नव्हता. त्याच्या पश्चात पाय धुण्याचा जुना दगड तिला पाहवेना. तिनेच तो उखडवला होता.

ओटा बांधून झाला आणि रोज पहाटे नळ आपोआप वाहू लागला. ओट्यावर बारीक वाळू साचे, नव्या सतरंजीवर ओली पावले उमटत. प्लंबरला दोष सापडेना.

सोबत राहणारी नणंद ती पावले पुसून टाकी. पाहुण्यांपुढे ब्र काढायचा नाही, असे तिने बजावले होते. "वहिनी, हे लोक पळाले तर आपण दोघींनीच खोल्यांत राहायचं आणि एकमेकींना भाडं मागायचं." थट्टा होती, पण हसले कुणीच नाही, कारण पाहुणे टिकले नाहीत तर घर विकणे अटळ होते.

पहिले पाहुणे म्हणून एक वृद्ध घड्याळजी सपत्नीक आले. त्यांच्या मुक्कामाच्या पहिल्याच पहाटे नणंदेला जाग आली नाही. मालकीण धावत आली, तो घड्याळजी नमाजाच्या खोलीच्या दाराशी थबकलेले. नळ गळतो, असे ती कसेबसे पुटपुटली.

"गळतीला पायाची बोटं नसतात, बाई," ते हळूच म्हणाले. "कोण येतं?"

"आमचे हे. पाय धुतल्याशिवाय कधी घरात आले नाहीत."

घड्याळजींनी वाकून पावले नीट पाहिली.

"धुऊनच आलेत की. मी जरा बाजूला उभा राहतो."

त्यांनी वजू केला, आत गेले, आणि एका माणसापुरती जागा सोडून उभे राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी एवढेच सांगितले, की मुक्काम ठरल्याप्रमाणे होईल, आणि पुढच्या खेपेस थोरला मुलगा-सूनही येतील. मग ते चहाची चौकशी करीत निघून गेले.

मालकीण दाराशी एकटी उरली. घड्याळजींची पावले वगळता सतरंजीवरची सारी पावले आत जाणारी होती. बाहेर येणारे एकही नव्हते. तो गेल्यापासून तिने त्या खोलीत पाऊल टाकले नव्हते. झाडलोटही नणंदच करी. आता तिने चपला काढल्या आणि पाय धुण्यासाठी ती ओट्यावर टेकली.

पहाटेच्या त्या गारठ्यात दगड उबदार होता, कुणी नुकतेच उठून गेल्यासारखा.