गिऱ्हाइकाचा सोफा

खाली सोफे दुरुस्त करायचं दुकान आणि वर घर, असा त्या कुटुंबाचा कारभार होता. दुपारी शटर अर्धं खाली ओढलं की सगळे अरुंद जिना चढून जेवायला वर जात, आणि सासरे टेबलाच्या टोकाशी बसले की कोर्ट भरे. घरात त्यांना पाठीमागे हायकोर्टच म्हणत. आवाज मात्र ते कधी चढवत नसत, एवढं कबूल केलं पाहिजे. ते फक्त विचारत. कापड वाकडं कुणी कापलं, गिऱ्हाइकाचा फोन कुणी उचलला नाही, भाजीत एवढं तेल कशाला. घास तोंडाजवळ गेला की नेमका प्रश्न यायचा, आणि ज्याला विचारलं त्याचा घास तिथेच अडायचा.

सून दुकानात शिलाई मशीनवर बसायची. सोफ्यांच्या खोळी, उशांच्या कडा, सगळं तिच्या हातचं. लग्न झाल्यापासून तिचं पोट दुखायचं. औषधाची बाटली मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांशेजारी पडलेली असे. स्वतःचं तिने चालवून घेतलं. पण लेक, जिला घरात सगळे बटण म्हणत, तीही ताटावर बसली की पोट धरू लागली. अर्धं ताट तसंच राहायचं. अंगावरचा फ्रॉक ढगळ झाला तेव्हा मात्र सुनेचं डोकं फिरलं आणि लेकीला घेऊन तिने दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या. रिपोर्ट चांगले आले.

"घरात म्हणतात, नाटकं करते," सून म्हणाली.

"नाटकं कसली? दुखतं ते खरंच दुखतं. मेंदूपासून एक नस निघते, व्हेगस नर्व्ह म्हणतात तिला. मानेतून, हृदयावरून ती पार पोटात उतरते. जीव निवांत असला की ती पोटाला म्हणते, कर तुझं काम सावकाश. धसका बसला की तिचा आवाज दबतो. शरीराला वाटतं, आधी पळायचंय, जेवणाचं मग बघू. आणि निरोप खालून वर जास्त जातात बरं का. पोट बिघडलं की मनही उतरतं. हे रोजचंच झालं तर सगळ्या तब्येतीवर येतं." मग त्या बटणाकडे वळल्या. "जेवताना कोणी ओरडतं का गं?"

"ओरडत नाही," बटण म्हणाली. "आजोबा विचारतात."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "गोळ्या राहू देत. आधी ते विचारणं बंद करा."

घरी येऊन सुनेने नवऱ्याला सगळं सांगितलं. "खरंय," तो म्हणाला, "पण बाबांना सांगणार कोण?" चांगला मोठा माणूस, जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा नुसत्या हाताने उपसून काढणारा, पण वडिलांचं नाव निघालं की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. सुनेला त्याची कीव आली आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी ताटं वाढून होतात न होतात तोच सासऱ्यांनी विचारलं, "बटण, गणितात किती पडले?"

बटणचा चमचा थांबला. दुसरा हात पोटाकडे गेला.

"बाबा, जेवताना विचारू नका," सून म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"आता डॉक्टर येऊन बसणार का माझ्या टेबलावर? नातीला मार्क विचारायचे नाहीत म्हणजे कमालच झाली. किती पडले?"

सुनेने दोन्ही ताटं उचलली. "चल गं," ती लेकीला म्हणाली आणि जिना उतरली.

खाली फोमचे तुकडे, रेक्झिनची भेंडोळी, सगळा पसारा. बसण्याजोगा एकच राखाडी सोफा होता, कालच तयार झालेला, संध्याकाळी पोचवायचा. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर घरच्या माणसाने टेकायचंसुद्धा नाही, हा हायकोर्टाचा सगळ्यात जुना हुकूम. सुनेने त्यावर एक जुनी चादर टाकली, लेकीला बसवलं आणि स्वतःही बसली.

सासरे हातात चमचा तसाच घेऊन खाली आले.

"हा गिऱ्हाइकाचा सोफा आहे."

"माहीत आहे. खोळ मीच शिवलीय."

"मुकाट्याने वर येऊन जेवा. नाहीतर उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही."

घाबरली होती ती, खोटं कशाला सांगा. त्या घरात तिची म्हणावी अशी जागा ती मशीनच होती. पण बटण तिच्या दंडाला चिकटून बसली होती.

"नाही लावणार," ती म्हणाली. "शिवायला दुसरं कोणी बघा. पण माझी मुलगी जेवताना उलटतपासणीला बसणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही."

सासरे वर गेले. थोड्या वेळाने कठड्याला धरत धरत सासूबाई उतरल्या. हातात त्यांचं ताट होतं.

"जागा कर गं," त्या म्हणाल्या. बसल्यावर कितीतरी वेळ त्या भात नुसता कालवत राहिल्या. "मला आयुष्यभर वाटत आलं, माझ्याच पोटात काहीतरी खोट आहे."

सुनेला भडभडून आलं. एवढी वर्षं एका टेबलावर बसून दोघींनी एकमेकींना हे सांगितलं नव्हतं. मग नवराही आला. उशिरा आला, पण ताट घेऊन आला, आणि मशीनपुढच्या स्टुलावर खाली मान घालून जेवू लागला.

जिन्यात पुन्हा पावलं वाजली. सासरे खालच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

"बटण, किती पडले ते सांगितलं नाहीस अजून."

सगळे हात थांबले. सून बोलणार तोच बटणने तोंडातला घास नीट चावून गिळला.

"आजोबा, मी जेवतेय," ती म्हणाली. मग आईकडे वळून म्हणाली, "अजून भात आहे?"

या पोरीने भात मागून घेतल्याचं सुनेला आठवत नव्हतं. भाताचं पातेलं वर टेबलावर होतं. ती उठली. सासरे कठड्यावर हात ठेवून जिना अडवून उभे होते.

"बाबा, जरा सरका. भात आणायचाय."

त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग बायकोकडे. दोघंही जेवत होती.

ते सरकले.