शेवरीआडचा वारा

वाऱ्याच्या आवाजाची गणितं मांडणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. वारा सरळ वाहिला तर मुका असतो; वाटेत काही आडवं आलं की त्याच्यामागे भोवरे सुटतात आणि ते वाजतात. कुठे काय उभं आहे एवढं संगणकाला सांगितलं की आवाज कसा येईल ते तो सांगतो. पुण्यात याचं फार कौतुक होतं. गावी, फैजपुरात मात्र ‘मोहिनी वारा मोजते’ एवढ्यावर माझी बोळवण होते.

माझे वडील, आबा, जाऊन वर्ष झालं तरी आई माझ्याकडे पुण्याला यायला तयार नव्हती. एकटी, गुडघ्यांनी अधू, आणि कारण काय, तर म्हणे, “वारा सुटला का आबा बागेत उभे राह्यतात. मले आवाजावरून समजतं.” मला रागही आला आणि रडूही. शेवटी पैज ठरली. आमच्या केळीच्या बागेतला आवाज मी टिपायचा आणि गणिताशी ताडून पाहायचा. “तुया गणितात ते नसले तं मी येईन,” आई म्हणाली, आणि तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बागेत कोणी नाही हे पाहून मी रेकॉर्डर लावला. घरी येऊन संगणकात वारा अडवायला बागेच्या कडेने लावलेली शेवरीची झाडं मांडली, केळीची फाटकी पानं मांडली, विजेचा खांबसुद्धा मांडला. काही केल्या जुळेना. वैतागून मधल्या मोकळ्या जागेत एक अडथळा उभा केला. त्याची उंची साडेपाच फूट केली तेव्हा जुळत आलं, आणि खांद्याशी एक दांडा तिरका धरला तेव्हा तंतोतंत जुळलं. आबा फावडं खांद्यावर टाकूनच बाग न्याहाळत उभे राहायचे. मी किती तरी वेळ त्या आकड्यांवरून बोट फिरवत बसले.

“हायेत?” आईने विचारलं.

हो म्हटलं असतं तर ती उरलेला जन्म तिथेच एकटी राहिली असती. “नाहीत,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि डोक्यावरून हात फिरवला. “बरं माय. चाल मंग.”

निघायच्या सकाळी आई घरात दशम्या बांधत होती, तेव्हा मी पुन्हा बागेत जाऊन आवाज टिपून आणला. आबांचा निरोप घेतल्याशिवाय मला निघवेना. एस्टीत बसल्यावर लॅपटॉप उघडून तो ताडून पाहिला. आबा होते, पण आता नुसत्या त्यांच्याने जुळत नव्हतं. त्यांच्या डाव्या अंगाला आणखी एक अडथळा उभा करावा लागला. चार फूट दहा इंचांचा.

एवढीच उंची आईची.

मी वळून पाहिलं. खिडकीशी बसलेली आई माझ्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली होती. तिचा हात माझ्या हातात होता, नेहमीसारखा खरबरीत, उबदार. उघड्या खिडकीतून सुसाट वारा येत होता आणि मधे आई असूनही तो कुठेही न अडता, न वाजता, सरळ माझ्या अंगावर येत होता.