विश्वाच्या भूमिकेत आवडाबाई

"या अफाट विश्वाला माणसाची पर्वा नाही!" दौलताबादच्या उघड्या कातळावर गुडघे टेकून व्यंकटरावांनी आकाशाला सुनावलं, आणि त्यांचं अंतराळवीराचं शिरस्त्राण, जे मुळात स्कूटरचं होतं, घसरून नाकावर आलं.

"कट," केशव म्हणाला.

दूरदर्शनला हा भाग पसंत पडला तर केशवला पुढची मालिका मिळणार होती. नाही तर औरंगाबादेत मामांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली होती. सूर्याचंही तेच.

प्रसंग साधा होता. परग्रहावर शेवटचा माणूस तहानेनं मरतो आणि तिथला दगडी जीव नुसता बघत राहतो. दगडी जीव म्हणून गावातल्या आवडाबाईंना झगा घालून, राख फासून बसवलं होतं. काम एवढंच, की हलायचं नाही. पण व्यंकटरावांनी "पाणी" म्हटलं की त्या दर वेळी उठत.

"मावशी, तुम्ही विश्व आहात," केशवनं हात जोडले. "विश्वाला काही वाटत नसतं."

"नसंल वाटत. पण पाणी मागतंय ना ते."

"नाटकात मागतायत."

"व्हट तर खरेच सुकलेत की."

ते खरं होतं. कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेल्या व्यंकटरावांनी भूमिकेशी इमान राखायचं म्हणून सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं.

शेवटचा प्रयत्न सुरू झाला. व्यंकटराव कोसळले. "पाणी." आवडाबाई बसून राहिल्या. गुडघ्यावरची मूठ आवळली, तशी बोटांवरची राख तडकली.

"पाणी," व्यंकटराव पुन्हा म्हणाले. हे संवादात नव्हतं.

आवडाबाईंनी झग्याखालून घरचा तांब्या काढला, शेवटच्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं आणि धार धरली.

"सावकाश. ठसका लागंल," विश्व म्हणालं.

केशवच्या ओठांवर आलेला 'कट' तिथंच थांबला. बॅटरी संपेपर्यंत कॅमेरा चालू राहिला.

भाग लागला त्या दिवशी चावडीच्या टीव्हीपुढं सगळं गाव होतं. तांब्या दिसताच माणसं उभी राहिली, शिट्ट्या झाल्या. त्या ग्रहावरची माणसं इतकी चांगली असतील असं वाटलं नव्हतं, असं सिल्लोडहून आलेला कुणाचा तरी जावई डोळे पुसत म्हणाला.

पुढची मालिका मिळाली. केशव शाल घेऊन गावात आला आणि चारचौघांत बराच वेळ बोलला: या थंडगार विश्वात माणुसकीचा दिवा मावशींनी लावला, विज्ञानकथेला त्यांनी नवी दिशा दिली, वगैरे.

आवडाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शालीची नीट घडी घातली.

"ते समदं खरं, केशवराव. पण त्या दिशी तुमच्या सामानात माझा तांब्या गेलाय. तेवढा धाडून द्या."