कोटात गुंडाळलेली बरणी

फळांची वाइन म्हटलं की लोक नाक मुरडतात. "सरबतच की ते!" अशांना मी माझ्या दुकानात, कुणी नावही न ऐकलेल्या खोऱ्यांतली नासपतीची, चेरीची ड्राय वाइन चाखवते. गोडीचा लवलेश नसलेली. मग त्यांचा चेहरा बघावा! पण दादाच्या आलुबुखाराच्या वाइनला तोड नव्हती. त्याच्या पिंपांच्या लाकडात मुरलेलं यीस्ट साखरेचा कणही शिल्लक ठेवत नसे.

दादा गेल्यानंतरचा पहिला हंगाम वहिनीने एकटीने काढला. वाइन ड्राय उतरली नाही तर बाग विकायची, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. म्हणून मी चाखायला गेले.

तळघरात पाऊल टाकलं आणि कान टवकारले. या दिवसांत पिंपं नुसती गुडगुडत असायची. आता एकही हूं की चूं करत नव्हतं. पहिल्यातली चाखली, गोडमिट्ट. दुसऱ्यातलीही तशीच.

"वहिनी, पिंपं कशाने धुतलीस?"

"उकळत्या पाण्याने. घासून घासून."

"अगं, दादा नुसती विसळायचा! उकळत्या पाण्याने यीस्ट मरतं!"

"माहीत आहे मला." ती पायरीवर बसली. "माझी खाट बरोबर याच्या वर आहे. गेल्या हंगामात तो गेला तरी रात्रभर खालून गुडगुड चालूच. जिवंतपणी धड दोन शब्द बोलायचा नाही, आणि मेल्यावर तोंड मिटेना. मला झोप हवी होती गं."

मला तिचा राग आला. दादा माझाही होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. गुडुप.

तिथे दादाच्या जुन्या कोटात गुंडाळलेली काचेची मोठी बरणी होती. तोंडावर कोटाचीच बाही बांधलेली. दादा हाच कोट घालून रस ढवळायचा, त्या वाळल्या रसाने कडक झालेली.

"पिंपात न मावलेला रस," वहिनी पुटपुटली. "झाकण सापडेना, म्हणून."

"आणि ही बोलते, हे तुला ठाऊक होतं?"

"एकटीचा आवाज वरपर्यंत येत नाही. वाटलं की मीच येते खाली, ऐकायला."

मी चाखली. गोडी नावालाही नाही, शेवटी बी चावल्यासारखी किंचित कडसर. दादाचीच. त्याचं यीस्ट त्या बाहीत जिवंत राहिलं होतं. माझे डोळे भरून आले.

"यातली थोडी थोडी प्रत्येक पिंपात ओतली, तर सगळी वाइन वाचेल," मी म्हणाले.

"आणि सगळी पिंपं बोलायला लागतील."

झोप तिची जाणार होती. ती बरणीपाशी येऊन तिच्यावर हात ठेवून बसली. मग उठली, बाहीची गाठ सोडली आणि एकेका पिंपात स्वतःच्या हाताने ओतत गेली. मला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघाले, तेव्हा वहिनी तळघराच्या दारात उभी होती. डोळे लालभडक. खाली एक पिंप गुडगुडलं, मग दुसरं.

"माझ्याकडे चल चार दिवस," मी म्हणाले.

"नको. बाग विकत नाहीये मी." तिने दार ओढून घेतलं, थबकली, आणि पुन्हा सताड उघडलं.

"बोल," ती खालच्या अंधारात म्हणाली. "काय बोलायचं राहिलंय ते बोल."