त्रिग्लावचा दोर

रविवारी क्रान्यला सासऱ्याकडे जेवायला जायचं म्हटलं की मिर्साद सबबी शोधू लागायचा. सासरा यांको शेवयांच्या सूपबरोबर जावयालाही चघळायचा. त्या रविवारी सूपशेजारी नकाशा पसरला होता, कारण उन्हाळ्याची सुट्टी ठरवायची होती.

"देश कसला, हातरुमाल आहे आपला!" यांको खुशीत होता. "सकाळी बर्फात घसरा, संध्याकाळी समुद्रात पाय सोडून बसा. आधी बोहिन्यचं तळं, मग सोचा नदीत होड्या, शेवटी पिरानला मासे."

"आणि त्रिग्लाव," त्याची लेक, मिर्सादची बायको पोलोना म्हणाली. "आपली लाना दहा वर्षांची झाली. यंदा तिला वर न्यायचंच."

त्रिग्लाव म्हणजे देशातला सर्वांत उंच डोंगर; तो न चढलेला स्लोवेन कसला, हे तिथे पाळण्यापासून ऐकवतात. पहिल्यांदा शिखरावर पोचलेल्याच्या ढुंगणावर दोराचे फटके मारायचे, की झाला तो आपल्यातला.

"जावईबापूंना तळ्याकाठी ठेवू," यांकोने डोळा मारला. "सामान राखायला माणूस लागतोच की!"

लाना खुदकन हसली. "हो ना, पपा खरे स्लोवेन कुठे आहेत!"

मिर्सादने चमचा खाली ठेवला. त्याच्या बापाने बोस्नियातून येऊन येसेनित्सेच्या पोलाद कारखान्यात हाडं झिजवली, हा तिथेच जन्मला, तरी सासऱ्याच्या लेखी बोस्नियाचं पार्सलच. तेही सोसलं होतं मुकाट. पण पोटच्या पोरीनं म्हणावं? आज तिच्यासमोर आपण यांच्यातले ठरायचंच, असा त्याने हिय्या केला.

"मी चढलोय," तो म्हणाला. "गेल्या सप्टेंबरात, कामावरच्या लोकांबरोबर. दोरही खाल्लाय."

"पपा, खरंच?" लाना ताडकन उठली. "दुखलं का हो?"

"कोणाच्या हातचा दोर?" यांकोने विचारलं.

"आमच्या एमिरच्या."

"म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी!" यांको टेबल बडवत हसला. "बोस्नियावाल्याच्या हातचा फटका धरत नाहीत, जावईबापू. थांबा, यंदा मीच हाणतो. सणसणीत!"

पोलोनाही हसली. मिर्सादला तेच जास्त झोंबलं.

"तुम्हाला कोणी मारला होता, बाबा?"

"माझ्या बापाने! काय वादळ होतं महाराजा! आम्ही नऊजण शिखरावरच्या बुरुजात शिरलो. मस्त मांडी घालून पत्ते कुटले, दारू संपवली, तेव्हा कुठे आभाळ निवळलं."

मिर्साद त्याच्याकडे बघतच राहिला. तो पत्र्याचा बुरूज पोस्टकार्डावर ऐसपैस दिसतो. प्रत्यक्षात आत चार माणसं उभी राहिली, तरी एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत.

"नऊजण? मांडी घालून?" तो सावकाश म्हणाला. "बाबा, तुम्ही वर कधी गेलाच नाहीत."

सासूबाईंच्या हातातली पळी सूपमध्ये पडली. तेवढं पुरे होतं. यांकोचा चेहरा उतरला, कान लालबुंद झाले. मिर्सादला अगदी मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला बोला! म्हाताऱ्याने नजर खाली घातलेली त्याने पहिल्यांदाच पाहिली होती.

पण पडलो तरी नाक वर, अशातला तो गडी.

"नाही गेलो. उंचीवर पाय लटपटतात माझे. मग?" यांकोने मान वर केली. "माझा बाप इथला, आजा इथला. मला कोणाला दाखवायला चढावं लागत नाही. चढायचं तुमच्यासारख्यांनी. आणि चढूनही काय, दिसतंच आहे."

मिर्सादने बायकोकडे पाहिलं. आता तरी ही तोंड उघडेल, अशी त्याला वेडी आशा होती.

"कमाल करतोस मिर्साद," पोलोना नकाशावर बोट फिरवत म्हणाली. "त्यांच्या वयाचा तरी मान ठेव. पोरीसमोर शोभतं का हे? जाऊ दे, त्रिग्लाव नकोच. पिरानला दोन दिवस जास्त राहू."

सासूबाईंनी पळी पुसून पुन्हा सूप वाढायला घेतलं. मिर्सादची ताटली तशीच भरलेली होती.

लाना मात्र विचारात पडली होती. "आजोबा, मग मला चढावं लागेल?"

यांकोने नातीला जवळ ओढलं. तिचे काळेभोर केस आणि थेट बापावर गेलेल्या जाड भुवया तो क्षणभर न्याहाळत राहिला. मग त्याने मायेनं तिच्या गालावरून हात फिरवला.

"हो गं सोन्या," तो म्हणाला, "तुला लागेल."